बाइकच्या क्लच कव्हरला तडा गेलाय, ऑनलाइन मागवलेला ॲल्युमिनियम रॉड चिकटतच नाही

घाटवाट_कराड
नमस्कार मंडळी. कुंभार्ली घाटात शेवाळावरून बाइक आडवी झाली, मला काही झालं नाही पण उजवीकडच्या क्लच कव्हरला खालच्या बोल्टपाशी बोटभर तडा गेलाय आणि ऑइल झिरपतंय. ऑनलाइन ते ॲल्युमिनियमचे रॉड मिळतात ना, ज्यांच्या व्हिडिओत कोल्ड्रिंकचा फाटका कॅन दोन मिनिटांत जोडून दाखवतात, ते मागवले. छोट्या ब्युटेन टॉर्चनं तापवलं. रॉड वितळतो पण त्याची गोळी होऊन खाली पडते, कव्हरला काय चिकटत नाही. पॉलिश पेपरनं घासलं, पेट्रोलनं पुसलं, तरी तेच. रॉड डुप्लिकेट आहेत का टॉर्च कमी पडतोय? मॉडेल बंद झालंय त्यामुळं नवीन कव्हर मिळेना, नाहीतर विचारलंच नसतं. आणि जाता जाता, आजीचा तांब्याचा बंब पण बुडाशी गळतोय, याच रॉडनं तो होईल का?

ठिणगी_भोसरी
रॉड बहुतेक बरोबरच आहेत भावा. ते जस्त-ॲल्युमिनियमचे असतात, साधारण ३८०-४०० डिग्रीला वितळतात. भानगड वेगळीच आहे. ॲल्युमिनियमवर कायम ऑक्साइडचा थर असतो, दुधावरची साय कशी, काढली की परत धरते, फक्त इथं ती डोळ्यानं दिसत नाही आणि घासून हात बाजूला घेईपर्यंत नवीन आलेली असते. धातू वितळतो ६६० ला आणि तो थर २०७० च्या आसपास, म्हणजे टॉर्चनं तो कधीच जाणार नाही. त्यामुळं घासायचं असतं ते रॉड वितळून वर पसरल्यावर, त्या वितळलेल्या मालाच्या खालून, स्टेनलेसच्या ब्रशनं किंवा स्टेनलेसच्या टोकानं खरवडत, म्हणजे थर निघतो तिथं हवा पोचायच्या आत रॉडचा माल बसतो. ब्रश नवा घे, लोखंडावर वापरलेला चालत नाही.

दुसरं म्हणजे रॉडवर ज्योत मारायचीच नाही. कव्हर इतकं तापलं पाहिजे की रॉड नुसता टेकवला तरी वितळेल. तुझी गोळी होते ती ज्योतीमुळं. पातळ कॅन चटकन तापतो, कव्हर म्हणजे जाड कास्टिंग, साच्यात ओतलेलं, ॲल्युमिनियम उष्णता लोखंडापेक्षा खूप वेगानं पळवतं, ब्युटेन टॉर्च त्याला काय पुरणार. आणि तापलेलं लोखंड लाल होऊन सांगतं तरी, हे काहीच सांगत नाही, रंग न बदलता एकदम खाली बसतं. साध्या साबणाची रेघ मारून ठेव, ती काळपट पडली की समज कव्हर रॉड लावण्याइतकं तापत आलंय.

पण हे सगळं भंगारातल्या तुकड्यावर करून बघ. बोल्टपाशी तडा असेल तर मी स्वतः ते रॉड वापरणार नाही, तिथं ताणही आहे आणि कंपनही. सरळ आर्गन वेल्डिंग करून घे.

बुलेटराजा९९
एवढं कशाला राव, एम-सील लावा आणि फिरा. माझं तसंच चाललंय.

ठिणगी_भोसरी
झिरपणं थांबेल, तडा थांबणार नाही. घरी पोचण्यापुरतं ठीक. आणि नंतर आर्गनला आणलं की ते एम-सील खरवडून काढायला आम्हालाच बसावं लागतं.

घाटवाट_कराड
धन्यवाद दादा. आर्गनवाला इथं एक आहे, पण त्याच्याकडं जास्त काम स्टेनलेसच्या रेलिंगचं असतं. त्याला काय सांगायचं, म्हणजे मला काही कळत नाही असं वाटू नये म्हणून विचारतोय.

ठिणगी_भोसरी
पहिला प्रश्न, मशीन एसी-डीसी आहे का नुसतं डीसी. रेलिंगवाल्यांकडं बहुतेक डीसी टिग (आर्गन वेल्डिंगचं मशीन) असतं आणि ॲल्युमिनियमला एसी लागतो. करंट उलटसुलट होतो, एका बाजूला असताना तो थर फोडतो आणि दुसऱ्या बाजूला असताना माल वितळवतो. डीसीवर नेहमीच्या पद्धतीनं केलं तर काळी चिकट घाण होईल आणि तो म्हणेल तुमचा मालच खराब आहे. दुसरा प्रश्न तारेचा, जी वितळवून तड्यात भरतात. ४०४३ सांग, सिलिकॉनवाली, कास्टिंगला तीच चांगली. ५३५६ नको, ती मॅग्नेशियमवाली, सतत ६५ डिग्रीच्या वर राहणाऱ्या कामात पुढं चिरा पडायची भीती असते आणि इंजिन तर त्याच्या वरच चालतं.

लेथकाका_सातारा
वरचं सगळं बरोबर, पण वेल्डिंगच्या आधीचंच काम मोठं असतं ते कोणी सांगत नाही. कव्हर वर्षानुवर्षं ऑइल प्यालेलं असतं. वरून कितीही पुसलं तरी आर्क (वेल्डिंगची ठिणगी) लागला की आतलं ऑइल उकळून बाहेर येतं आणि वेल्डिंगला बारीक छिद्रांची जाळी पडते. आधी डिग्रीझर, मग गरम पाणी आणि साबण, मग चांगलं तापवून परत पुसायचं. ॲसिटोन वापरलंत तरी चालेल, पूर्ण उडून गेल्यावरच आर्क लावायचा. ब्रेक क्लीनर मात्र नको. त्यातल्या काहींत क्लोरीनवाले सॉल्व्हंट असतात, आर्कजवळ त्याचा फॉस्जीन वायू होतो, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला तोच. थोडासाही जीवघेणा आहे.

मग तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक ड्रिल मारा म्हणजे तो पुढं सरकत नाही, आणि मधे व्ही आकाराची खाच कापून घ्या, नाहीतर वेल्डिंग वरच्यावर बसतं. ऑइल सील, रबर, बुश सगळं काढून न्या. कव्हर मोकळं ठेवून वेल्डिंग केलं तर फेस, म्हणजे गॅस्केटवर बसणारी सपाट कड, वाकतो, तेव्हा जुनी क्रँककेस (कव्हर ज्यावर बसतं ती इंजिनची पेटी) मिळाली तर त्यावर, नाहीतर जाड लोखंडी प्लेटवर बोल्टनं आवळून करायला लावा आणि गार होईपर्यंत सोडू नका. पाण्यात बुडवायचं नाही.

हो, एक राहिलं. काही गाड्यांची कव्हरं मॅग्नेशियमची असतात. कोपऱ्यात थोडं खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका, सरसरून बुडबुडे आले तर मॅग्नेशियम. मग तशी तार असलेला माणूस शोधा. त्याचा भुसा पेटला तर पाणी मारायचं नाही, आग भडकते.

गारवा_रेफ्रिजरेशन
बंबाचं मी सांगतो, कारण आमचं रोजचं काम तांब्याचंच. ते ॲल्युमिनियमचे रॉड तांब्याला लावू नको, जस्तानं धरल्यासारखं वाटेल पण पाण्यात जोड फार दिवस टिकत नाही. तांब्याला तांबं जोडायला फॉस्फरसवाला रॉड येतो, त्याला फ्लक्स (जोड धरावा म्हणून लावायची पावडर) पण लागत नाही. बंबाचा तो भाग पितळेचा असेल तर फ्लक्स लागतो, मग चांदीचा रॉड बरा. लोखंडी पट्टी असेल तर फॉस्फरसवाला अजिबात नको, जोड ठिसूळ होतो.

पण आधी बघ बुडाला पूर्वी कोणी कथलाचा डाग दिलाय का. जुन्या बंबांना असतोच. त्यात शिसं असतं आणि तो साधारण १८५-१९० ला वितळतो, बंबात पाणी नसताना जाळ केला की गळतो ते त्यामुळंच. त्याच्यावर ब्रेझिंग (असल्या रॉडचा जोड) धरत नाही, पूर्ण खरवडून काढावा लागतो. आणि असा डाग असलेल्या बंबाचं पाणी आंघोळीलाच, स्वयंपाकाला नाही.

घाटवाट_कराड
बंबाला डाग आहे, राखाडी, आता बघितला. तो तांबटाकडंच देतो. कव्हरचं म्हणाल तर इथला आर्गनवाला डीसीवालाच निघाला, सरळ म्हणाला माझ्याच्यानं होणार नाही, कोल्हापुरात उद्यमनगरला न्या. काका, झाल्यावर गळतंय का ते इंजिनला न लावता कसं बघायचं?

लेथकाका_सातारा
बाहेरून वेल्डिंगवर खडू फासा, आतून रॉकेल नाहीतर डिझेल लावा आणि अर्धा तास ठेवा. बारीक छिद्र असलं तरी खडूवर ओला ठिपका उमटतो. उद्यमनगरला निघायच्या आधी फोन करून एसी मशीन चालू आहे ना विचारा. आल्यावर जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून फेस फिरवून बघा, सगळीकडं सारखा घासला गेला तर सपाट आहे, नाहीतर माझ्याकडं फेसिंगला, म्हणजे सपाट करायला, आणा. गॅस्केट नवीन टाका, जुनं परत लावू नका.