गुन्हेगारीशास्त्राचं पहिलं वर्ष: आधी एफआयआर की आधी सिद्धांत?

करवीर_नोंदवही (धागाकर्ता)

बारावीनंतर गुन्हेगारीशास्त्र घेणारी आपल्या कोल्हापूरची पोरं धारवाड, मुंबई, गांधीनगर अशी पांगतात. काहीजण इथंच राहून समाजशास्त्रात किंवा विधी शाखेत एका पेपरपुरता हा विषय करतात. कुठंही गेलं तरी पहिल्या सत्राचा क्रम ठरलेला: बेकारिया १७६४, लोम्ब्रोसो १८७६, मग दुर्खीम, मर्टन, सदरलँड. दिवाळीपर्यंत पोराला सगळी नावं सनावळीसकट पाठ होतात, आणि एफआयआरचा कागद पुढ्यात ठेवला तर कुठला रकाना कशासाठी आहे हे सांगता येत नाही.

माझं म्हणणं असं की पहिलं सत्र कागदांना द्यावं. एक पोलीस ठाणं, एक गुन्हा, तीन महिने. गुन्हा दुचाकी चोरीचाच घ्या. विम्याचा दावा करायला एफआयआर लागतो, त्यामुळे ही चोरी सहसा नोंदली जाते. चोरीला गेलेला मोबाइल पुष्कळदा 'गहाळ' म्हणून लिहिला जातो आणि गुन्ह्यांच्या आकड्यात येतच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळून बाकीचे एफआयआर साधारण २४ तासांत संकेतस्थळावर टाकावे लागतात. जिल्हा, ठाणं, तारीख भरली की कागद समोर येतो. असे तीस पुरेत.

तक्त्यात आठ रकाने करा: कलम, घटना कधीपासून कधीपर्यंत, ठाण्यात माहिती कधी आली, ठाण्यापासून दिशा आणि अंतर, जागेचं वर्णन, मालाची किंमत, उशिराचं कारण, आरोपी माहीत की अज्ञात. पीडीएफमधला मराठी मजकूर कॉपी केला की अक्षरं फुटतात, म्हणून हातानेच टाइप करा. फिर्यादीचं नाव, मोबाइल नंबर, गाडीचा नंबर तक्त्यात घ्यायचाच नाही. किमतीची बेरीज करू नका, तो आकडा फिर्यादीने अंदाजे सांगितलेला असतो.

यातला सर्वांत बोलका रकाना उशिराचा. गाडी सोमवारी गेली आणि फिर्याद गुरुवारी आली, तर मधले तीन दिवस माणूस स्वतःच शोधत होता, की ठाण्यातून 'आधी बघा, मग या' असं सांगितलं गेलं? कागदावर बहुतेक वेळा 'शोध घेतला, मिळून आली नाही' एवढंच असतं. घटना आणि नोंद यांच्यामध्ये काय काय घडतं हा प्रश्न पोराच्या डोक्यात तिथं उभा राहतो. सिद्धांत त्यानंतर शिकवा, लवकर कळतील.

मिरजकर_तिकटी

नोंदवहीराव, पद्धत चांगली आहे, पण क्रम उलटा लावलात. एफआयआर हा पोलिसांनी त्यांच्या कामासाठी केलेला कागद. अठरा वर्षांच्या पोराची सुरुवातच त्यापासून केली की मनात पक्कं बसतं, नोंदला तो गुन्हा आणि पकडला तो गुन्हेगार. मग ते निघता निघत नाही.

लांब कशाला जायचं? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. हजेरी लावायची, हद्द सोडायची तर परवाना घ्यायचा. त्या काळच्या दप्तरात या लोकांची नावं जास्त असणारच, कारण पाळत त्यांच्यावरच होती. त्या दप्तराचा कुणी आठ रकान्यांचा तक्ता केला असता तर 'ही जमात गुन्हे करते' असाच निष्कर्ष निघाला असता, तोही दशांश चिन्हासकट. आपल्या संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. ब्रिटिशांचा तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. समाज ज्याच्यावर शिक्का मारतो तो गुन्हेगार ठरतो, हा शिक्का मारण्याचा सिद्धांत समाजशास्त्रज्ञ बेकरने १९६३ मध्ये मांडला, त्याच्या कितीतरी आधी कोल्हापुरात हे ओळखलं गेलं होतं. हे वाचलेलं पोरगं एफआयआर हातात घेईल तेव्हा आधी विचारेल, 'संशयित' म्हणून कुणाचं नाव आलं आणि का?

दुसरं, सिद्धांताशिवाय निरीक्षण आंधळं असतं. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, एसटी लागते तेव्हा दाराशी काय होतं बघा. गर्दी एका अरुंद दाराशी दाटते, चढणाऱ्याचा एक हात दांडीला, दुसरा पिशवीला, खांद्यावरची पर्स मागे लोंबते. सिद्धांत माहीत नसलेला पोरगा वहीत 'गर्दी' एवढंच लिहील. कोहेन आणि फेल्सन यांनी १९७९ मध्ये तीन गोष्टी एका जागी, एका वेळी याव्या लागतात असं मांडलं: गुन्ह्याला तयार माणूस, हाताशी येणारं लक्ष्य आणि राखणदाराची गैरहजेरी. हे ठाऊक असलेलं पोरगं राखणदार शोधायला लागतं. तिथं राखणदार म्हणजे खाकी वर्दीच असं नाही. रांग लावणारा कंडक्टर, फलाटासमोरचा पेपरवाला, सोबतची मावशी यांतलं कुणीही असू शकतं. मग उपायही सुचतो: बस लागायच्या आधी रांग लावा, दार उशिरा उघडा.

दर_लाखी

दोघांचंही अर्धंच पटतं. पहिल्या वर्षाला पोरं नापास होतात ती आकडेमोडीत, आणि ती दोघांनीही गृहीत धरली आहे.

आधी दर. गुन्ह्यांची संख्या भागिले लोकसंख्या गुणिले एक लाख. ८,००० वस्तीच्या गावात एक खून झाला तर दर १२.५, पुढच्या वर्षी दोन झाले तर २५. बातमी येणार 'खुनाचं प्रमाण दुप्पट'. एका घटनेच्या फरकावर काहीच सिद्ध होत नाही. लहान गावाचा दर काढायचा असेल तर निदान पाच वर्षं एकत्र घ्या.

मग राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक तक्ते. तिथं एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजतात. घरफोडी करून खून झाला तर तो खुनात जातो, घरफोडीत दिसत नाही. नोंदवहीरावांच्या तक्त्याची बेरीज त्या तक्त्याशी जुळली नाही म्हणून पोरं रात्र रात्र चूक शोधत बसतात. मोजायचे नियमच दोन असतात. झिरो एफआयआरचंही भान ठेवा. हद्दीबाहेरच्या ठाण्यात नोंदलेला गुन्हा योग्य ठाण्याकडे वर्ग झाला की तिथं नवा नंबर पडतो. दोन्ही घेतले तर एक गाडी दोनदा चोरीला जाते.

आता वेळ, कारण इथं सगळेच घसरतात. गाडी रात्री १० ला लावली, सकाळी ६ ला नव्हती. कधी गेली? कुणी १० लिहितो, कुणी मधली वेळ म्हणून २. तीस गाड्यांचं असं केलं की आलेखात रात्री दोनला टेंगूळ येतं, आणि अहवालात 'मध्यरात्री गस्त वाढवावी' अशी शिफारस. ते टेंगूळ विद्यार्थ्याने स्वतः तयार केलेलं असतं. बरोबर रीत अशी: आठ तासांचा अवधी आहे, तर प्रत्येक तासाला १/८ म्हणजे ०.१२५ द्या. सहा ते नऊच्या सिनेमाला गेलेल्याची गाडी असेल तर तिन्ही तासांना १/३. मग तासवार बेरीज करा. आलेख बुटका दिसेल, पण खरा असेल.

जागेचंही तेच. फिर्यादीत 'बिंदू चौकाजवळ' लिहिलेलं असतं. नकाशावर सगळे ठिपके चौकाच्या मधोमध पडतात आणि चौक लालभडक होतो. प्रत्यक्षात गाड्या आजूबाजूच्या बोळांतून गेलेल्या असतात. ठाण्यापासूनचं अंतर आणि दिशा ताडून बघा, जुळत नसेल तर तो ठिपका 'जागा अनिश्चित' म्हणून वेगळा काढा. असे अनिश्चित किती निघाले हे अहवालात पहिल्या पानावर लिहा.

बावडा_रोड

तिघांच्याही बोलण्यात कायदा कुठंच नाही, आणि त्यावाचून हा तक्ता वाचताच येणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. दंड संहितेची ५११ कलमं जाऊन ३५८ आली. नुसते नंबर बदलले असते तर तुलनेची यादी करून भागलं असतं, पण गुन्ह्यांच्या व्याख्या आणि वर्गही हलले आहेत.

उदाहरण चोरीचंच घ्या. पूर्वीचं ३७९, आता ३०३. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी आता अदखलपात्र आहे (न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत), आणि पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे दोन हजारांची सायकल गेली तर एफआयआर होणारच असं नाही, नोंद अदखलपात्रच्या रजिस्टरला जाईल. गळ्यातलं हिसकावून नेण्याला ३०४ हे स्वतंत्र कलम मिळालं. तेव्हा २०२३ आणि २०२५ ची चोरी शेजारी ठेवून 'चोऱ्या घटल्या' म्हणणं चूक आहे. १ जुलै २०२४ ला आलेखावर उभी रेघ मारा आणि दोन्ही बाजू वेगळ्या वाचा.

पहिल्या सत्रात सगळी संहिता नको. दखलपात्र-अदखलपात्र, जामीनपात्र-अजामीनपात्र, फिर्यादीपासून दोषारोपपत्रापर्यंतच्या पायऱ्या, आणि नागरिक सुरक्षा संहितेतली, म्हणजे तपास आणि खटल्याची रीत सांगणाऱ्या नव्या कायद्यातली, तीन कलमं. १७३ एफआयआरचं; ऑनलाइन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करावी लागते, हे त्यातच आहे. १०५ झडती-जप्तीच्या चित्रीकरणाचं. १७६ मधलं तिसरं उपकलम, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याचं.

मग कसबा बावड्याच्या न्याय संकुलात जाऊन बसा. फौजदारी खटला खुल्या न्यायालयात चालतो, इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड चालणारे सोडून. मोबाइल बंद, मागचा बाक. पंचाची उलटतपासणी ऐका. 'सही कुठं केली, घटनास्थळी की ठाण्यात?', 'पंचनामा वाचून दाखवला होता का?', 'लाखेचं सील तुमच्यासमोर केलं का?' या तीन प्रश्नांवर आरोपी कसा सुटतो ते एका दुपारी कळतं. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात आहे. जामिनाचे युक्तिवाद ऐकायला आता मुंबई गाठायला नको.

करवीर_नोंदवही

बावडासाहेब, उभ्या रेघेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तक्त्यात 'घटना १ जुलै २०२४ आधीची की नंतरची' हा नववा रकाना घालतो. जुन्या घटनेचा गुन्हा नंतर नोंदला तरी कलम जुनंच लागतं, म्हणून नोंदीची तारीख धरून चालणार नाही. दर_लाखी यांची तासांची वाटणीही घेतो.

तिकटीताई, हजेरीचं उदाहरण तुमच्या बाजूने दिलंत, पण मला ते माझ्याकडचं वाटतं. दप्तर कसं भरतं हे ज्याने रकान्या-रकान्याने पाहिलंय, त्यालाच 'पाळत जिथं, नोंद तिथं' हे अंगात भिनतं. नुसतं वाचलेल्या पोराला बेकर पाच गुणांच्या टिपेपुरता राहतो. दुचाकी चोरीच्या एफआयआरमध्ये आरोपी बहुतांशी 'अज्ञात' असतो. तो नंतर 'ज्ञात' कसा होतो, याचं उत्तर दोषारोपपत्रात सापडतं. शिक्का नेमका कुठं बसतो ते तिथं शोधू द्या त्यांना.

राजारामपुरी_नववी_गल्ली

वाद वाचणाऱ्या पालकांसाठी थोडक्यात. न्यायसहायक प्रयोगशाळेत काम करायचं असेल तर रसायन, भौतिक, जीवशास्त्र यांतली विज्ञान पदवी लागते. कला शाखेतून गुन्हेगारीशास्त्र करून ती जागा मिळत नाही. फौजदार व्हायचं तर लोकसेवा आयोगाला कुठलीही पदवी चालते. परिविक्षा (प्रोबेशन), बालन्याय, तुरुंगातलं काम यांकडे ओढा असेल तर हा विषय आणि समाजकार्य ही जोडी उपयोगी. हे प्रवेशाआधी ठरवा, कारण दुसऱ्या वर्षाला शाखा बदलणं महागात पडतं.

मिरजकर_तिकटी

नोंदवहीराव, तुमचा तक्ता मी पहिल्या सत्राच्या दुसऱ्या महिन्यात घ्यायला तयार आहे, पण पहिला महिना मला द्या. आणि एक रकाना वाढवा: अटक झालेल्यांचा समाज. तो नसेल तर शिक्का दिसणार कसा?

दर_लाखी

ताई, तो रकाना विद्यार्थ्याने भरूच नये. एफआयआरवर नाव-आडनाव असतं, आणि पोरं आडनावावरून जात ठरवतील. तो अंदाज निम्म्यावेळा चुकेल आणि उरलेल्या वेळा नवा शिक्का मारेल. त्यासाठी तुरुंगांची राष्ट्रीय आकडेवारी वापरा. तिथं कैद्यांचा सामाजिक प्रवर्ग, धर्म आणि शिक्षण यांचे राज्यवार तक्ते आहेत.

मिरजकर_तिकटी

चालेल. पण सिद्धदोष आणि न्यायाधीन कैद्यांचे तक्ते वेगळे वाचायला लावा. देशातल्या कैद्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश न्यायाधीन आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे. दोन्ही एकत्र करून 'गुन्हेगारांचं शिक्षण' असा आलेख काढणारे प्रकल्प दरवर्षी येतात. न्यायाधीनांच्या तक्त्यावरून कुणाला जामीन मिळत नाही याचा अंदाज लागतो, गुन्हा कुणी केला याचा लागत नाही. कळंब्याचं मध्यवर्ती कारागृह अभ्यासाला घेणार असाल तर परवानगीचा अर्ज विभागामार्फत आणि वेळेत करा. परवानगी मिळाली नाही, तर हेच दोन तक्ते शेजारी ठेवून चार पानं लिहायला सांगा.