ब्राउझर काहीच मोडत नाही, मग आपल्यालाच कसली घाई?

अर्धविराम:
बरीच वर्षं वेब डेव्हलपर म्हणून काढली, तेव्हा थोडं कुरकुरायचा हक्क आहे असं समजून लिहितो.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये बनवलेली १९९१ ची पहिली वेबसाइट आजच्या ब्राउझरमध्येही नीट वाचता येते. वेबपानांच्या जावास्क्रिप्ट या भाषेत नलचा, म्हणजे ‘काहीच नाही’ या मूल्याचा, टाइप विचारला की ‘ऑब्जेक्ट’ असं उत्तर येतं. ही पहिल्या दिवसांपासूनची चूक, पण सुधारली तर जुन्या साइट बंद पडतील म्हणून कुणी हात लावत नाही. २०१८ मध्ये तर भाषेत येऊ घातलेल्या ‘फ्लॅटन’ या नव्या सोयीचं नाव ‘फ्लॅट’ करावं लागलं, कारण मूटूल्स या जुन्या लायब्ररीवरच्या (तयार कोडच्या संचावरच्या) साइट मोडल्या असत्या.

आणि आपला प्रोजेक्ट? सहा महिने उघडला नाही तर एनपीएम इन्स्टॉललाच, म्हणजे एनपीएमच्या कोठारातून तयार कोडची पॅकेजेस उतरवतानाच, लाल अक्षरांची माळ लागते.

माझं मत असं की यातली निम्मी उलथापालथ तांत्रिक गरजेची नसते. नवं फ्रेमवर्क, म्हणजे साइट बांधायचा तयार सांगाडा, प्रोजेक्टला नको असतं, रेझ्युमेला हवं असतं. आणणारा ते जुनं व्हायच्या आत नोकरी बदलतो आणि मायग्रेशनचं, म्हणजे सगळं पुन्हा नव्यावर हलवायचं, तिकीट मागे राहिलेल्याच्या नावावर पडतं. चार रकान्यांच्या फॉर्मसाठी मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे सुट्या सुट्या छोट्या सेवा, मांडल्या जातात, कारण मीटिंगमध्ये ‘उद्या दहा लाख युजर आले तर?’ असं विचारणारा एक जण असतोच. दहा लाख राहू द्या, क्लायंटच्या जावयानेसुद्धा अजून लॉगिन केलेलं नाही!

नल_पॉइंटर:
मजा आली वाचायला, पण पटलं नाही. काहीच मोडत नाही म्हणता, मग ब्राउझरमध्ये गेम-ॲनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅशचं काय? ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने सपोर्ट थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने काही दाखवणंच बंद केलं. किती गेम, किती ॲनिमेशन गेली.

आणि जेक्वेरी ही लायब्ररी बघा. २००६ मध्ये आली तेव्हा प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी. तिने ते सगळं झाकून घेतलं. पुढे क्वेरी-सिलेक्टर, फेच अशा सोयी ब्राउझरनेच दिल्या आणि जेक्वेरीची गरज उरली नाही. २०१८ मध्ये गिटहबनेही (जिथे डेव्हलपर आपला कोड ठेवतात) ती आपल्या साइटवरून काढली. तुम्ही जिला फॅशन म्हणून हसताय, तिच्यामुळेच मानकं पुढे सरकली. सगळे तुमच्यासारखे तृप्त असते तर आपण अजून टेबलात टेबल घालून पानं मांडत बसलो असतो.

अर्धविराम:
फ्लॅश हे एका कंपनीच्या मालकीचं प्लगइन. वेबचं मानक ते कधीच नव्हतं, म्हणजे पुरावा माझ्याच बाजूचा झाला. जेक्वेरीचं मान्य. पण गिटहबने ती हळूहळू, कित्येक वर्षं घेऊन, चालत्या साइटला धक्का न लावता काढली. आपल्याकडे ‘पूर्ण रीराइट, फक्त तीन महिने’ अशी घोषणा होते. ते तीन महिने संपलेले कुणी पाहिलेत का?

शुक्रवारी_डिप्लॉय:
दोघंही भलतीकडेच भांडताय. रोग नवेपणाचा नाही, आळसाचा आहे. मार्च २०१६ आठवा. एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि चिडलेल्या लेखकाने आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यात अकरा ओळींचं लेफ्ट-पॅड होतं. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायच्या, एवढंच त्याचं काम. त्यावर बॅबेल (नवं जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरला कळेल असं करून देणारं टूल) अवलंबून, बॅबेलवर बाकी सगळे. ठिकठिकाणचे बिल्ड धडाधड पडले. शेवटी एनपीएमने ते परत आणलं. अकरा ओळी स्वतः लिहायला कुठलं फ्रेमवर्क आडवं आलं होतं?

नल_पॉइंटर:
ती सोय २०१७ च्या मानकात ‘पॅडस्टार्ट’ म्हणून भाषेतच आली. म्हणजे परत माझाच मुद्दा. :)

मुलाखत_घेणारी:
रेझ्युमेसाठी शिकतात यात चूक काय? जाहिरातीत ‘रिॲक्टचा पाच वर्षांचा अनुभव’ आम्हीच मागतो. जेक्वेरीवर उत्तम काम केलेल्याचा अर्ज चाळणीतच गळतो, माझ्या टेबलापर्यंत पोचत नाही. आतल्या लोकांचं तेच. जुनी सिस्टीम निमूटपणे सांभाळणाऱ्याला वर्षअखेरीस ‘गुड जॉब’ मिळतं, बढती मात्र ‘नवीन काय आणलं’ यावर ठरते. काहीच बंद पडलं नाही, हे स्लाइडवर दाखवणार कसं? अर्धविराम, तुम्ही डेव्हलपरांना हसताय, पण खेळाचे नियम त्यांनी केलेले नाहीत.

अर्धविराम:
मग नियम तुम्हीच बदला ना. निदान ती चाळणी तरी.

मुलाखत_घेणारी:
प्रस्ताव दिला होता. उत्तर आलं की आधी भरतीचं नवं पोर्टल येऊ दे, जुन्यावरून मायग्रेशन चालू आहे.

नल_पॉइंटर:
कशात लिहितायत?

मुलाखत_घेणारी:
सांगणार नाही. तुम्ही दोघं परत सुरू व्हाल.