मदत हवी आहे: उतारावरचा ठोकळा, कप्पी आणि घर्षण

नमस्कार मंडळी. डिचोलीत अकरावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. एका गणितावर मुलं हटकून अडतात. 30 अंशांच्या खडबडीत उतारावर 5 किलोचा ठोकळा, कप्पीवरून दोरी, पलीकडे लोंबता 3 किलोचा. घर्षणांक 0.2, जी (गुरुत्व त्वरण) 10 धरा. लोंबता 30 न्यूटनने ओढतो, ठोकळ्याचं वजन उताराच्या दिशेने 25 न्यूटनने. फरक फक्त 5. घर्षण 8.66 पर्यंत (0.2 गुणिले उताराला लंब दाब 43.3) जाऊ शकतं, म्हणजे काहीच हलत नाही. घर्षण 5 वरच थांबतं, दोरीतला ताण 30. मुलं मात्र थेट 8.66 वजा करतात, त्वरण उणे आलं की "ठोकळा खाली घसरतो" लिहून मोकळी! घर्षण गरजेपुरतंच लागतं, हे कसं पटवू? फळीवर करून दाखवलं, पण कप्पीचंच घर्षण आड येतं. कोणाकडे सोपा प्रयोग आहे का?