मदत हवी आहे: निसर्गातला शोधखेळ फसला, शनिवारी पुन्हा घ्यायचा आहे

नवी_बाई
नमस्कार. जरा तातडीचं आहे. गेल्या शनिवारी मुलांना शाळेमागच्या रानात नेऊन 'शोधा आणि आणा' खेळ घेतला. यादी नेटवरची, मराठी करून फळ्यावर लिहिली: शंकूसारखं फळ, टोपीवालं बी, लाल पान, पीस, गुळगुळीत दगड, पाच पाकळ्यांचं फूल वगैरे. अर्धी यादी कळलीच नाही, उरलेली दहा मिनिटांत संपली, मग नुसती पळापळ. पाच पाकळ्यांच्या फुलासाठी कुंपणाच्या कण्हेरीच्या तीन फांद्या मोडल्या. तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, टोपीवालं बी आपल्या गावात नाही ना जी." मला फार वाईट वाटलं. चांगली यादी कुणाकडे असेल तर लवकर द्या, शनिवार जवळ आलाय.

वऱ्हाडी_मास्तर
यादी नंतर पाहू. कितवीची पोरं? किती? संगं मोठं माणूस किती? आणि हे 'रान' म्हणजे काय? झुडपी जंगल, राखीव जंगल, का गायरान? हे सांगितल्याबिगर कोणी काय सांगावं तुमाले?

जुनी_पाटी
आधी सांगा, कण्हेर तोडलेल्या मुलांनी हात धुतले का? कण्हेर सगळीच्या सगळी विषारी, चीकसुद्धा. त्याच हातांनी खिचडी खाल्ली असेल तर फार काळजीची गोष्ट होती.

सह्याद्री_भटक्या
यादीची गरजच काय? पक्षी आवाजावरून ओळखणारं ॲप मिळतं. माझ्या मुलीनं सोसायटीच्या बागेत सकाळभरात अकरा पक्षी नोंदवले. मुलांना गटागटानं फोन द्या.

नवी_बाई
हात धुतले होते, साबणानं. फोन एकच आहे, माझा, आणि तलावाकडे रेंज नसते. पहिली ते चौथी मिळून २३ मुलं. शिक्षक आम्ही दोघंच, पण सर शनिवारी तालुक्याला बैठकीला असतात.

वऱ्हाडी_मास्तर
तलाव?? हे आता सांगून राहिले तुम्ही?

नवी_बाई
गोंदिया जिल्हा. शाळेमागं गायरान आणि त्याला लागून मामा तलावाची पाळ. मुलं रोज तिथूनच येतात म्हणून वेगळं लिहिलं नाही.

पाखरू
गोंदिया! तुमच्या तलावावर सारस येतो का हो? महाराष्ट्रात आता तो जवळपास तुमच्याच भागात उरलाय.

तलावकाठची
मी भंडाऱ्याची. बाहेरच्यांसाठी सांगते: मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात गावोगाव आहेत आणि आमच्याकडे धानाची शेती त्यांच्याच पाण्यावर उभी आहे. बाई, पाळीवर खेळ घ्यायचाच असेल तर गावातल्या दोन आया आणि एक आजोबा सोबत घ्या. एकट्या २३ मुलांना पाण्याजवळ नेऊ नका. आजोबा याचसाठी की झाडांची नावं त्यांना येतात, आपल्याला नाही.

वऱ्हाडी_मास्तर
बरोबर. आणि आदल्या दिवशी सोता चालून या. आग्या मोहोळ कुठं लागलं ते पाहा, त्या झाडाखाली पोट्ट्यांले जाऊच देऊ नका. खाजकुयलीच्या शेंगा या दिवसांत वाळून असतात, त्यांची लव अंगाले लागली की पोरगं दिवसभर खाजवते. बिब्बा दाखवा, पण लांबून. उतला की अंगावर फोड येतात. यादीत म्हणाल तर पळस घ्या. 'पळसाला पाने तीन' हे पोरांनी सोता मोजून पाहावं.

जुनी_पाटी
मास्तर, फेब्रुवारीत पळसाला पान कुठलं? आत्ता नुसता केशरी झालाय. शिवाय ती तीन पानं नाहीतच. एकाच पानाची तीन दलं. पान फांदीला जिथं चिकटतं तिथं डोळा, म्हणजे पुढच्या फुटीचा कोंब, असतो, दलाच्या बुडाशी नसतो.

वऱ्हाडी_मास्तर
म्हण काय खोटी ठरली मग? हजार वर्षं लोक तीनच मोजून राहिले.

जुनी_पाटी
म्हण खोटी नाही, मोजणी बरोबरच आहे. पण चौथीच्या मुलाला डोळा शोधायला लावा, ते पाठ केलेलं उत्तर नसेल. खाली पडलेल्या पाचोळ्यात एखादा तिन्ही दलांसकट देठ नक्की सापडेल, त्यात दलांच्या बुडाशी डोळा दिसतो का ते पाहू दे.

गावचा_पोर
आम्ही लहान असताना असे खेळ नव्हते, बोरं आणि चिंचा पाडायचो, तेच शिक्षण. मार्चअखेर मोह गळायला लागला की पहाटे टोपलं घेऊन जावं लागे. या मुलांना रान शिकवायची गरज नाही.

तलावकाठची
हेच तर म्हणते मी. त्यांना रान येतं म्हणूनच नेटवरची यादी दहा मिनिटांत संपली. टोपीवालं बी ओकचं, शंकूसारखं फळ पाइनचं. ही झाडं हिमालयात, इथं कुठून येणार? गावच्या मुलाला 'पीस आण' म्हणणं म्हणजे घरातला तांब्या आणायला सांगणं. रोज डोळ्यांखालून जातं पण थांबून पाहिलं जात नाही, असं काहीतरी द्या. मी आमच्या शाळेत करते ते लिहिते. तोडून आणायचं काही नाही. वस्तू उचलायची तर खाली पडलेलीच, आणि ती काडेपेटीत मावली पाहिजे. एका गटाला एक रिकामी काडेपेटी, त्यात जास्तीत जास्त वेगवेगळ्या गोष्टी. वस्तू एवढ्याशा झाल्या की फांदी मोडायचा प्रश्नच राहत नाही. आमच्या एका मुलानं मुंगीचा पंख, बाभळीचं वाळलं फूल आणि अंड्याच्या कवचाचा तुकडा आणला होता. कवच बाहेरून निळसर, आतून पांढरं, तांदळाच्या दाण्याएवढं. वर्ग अर्धा तास त्याच्याभोवती होता.

पाखरू
सारसाचं नाही सांगितलंत.

नवी_बाई
सारस मी नाही पाहिला. गावकरी म्हणतात पूर्वी यायचा. काडेपेटी आवडली! पण पहिलीच्या मुलांना वाचता येत नाही, त्यांना काय द्यायचं?

तलावकाठची
लहानग्यांना मोठ्यांसोबत जोडा, चारचार-पाचपाचचे मिसळ गट. वाचायचं मोठ्यानं, शोधायचं छोट्यानं. यादी तोंडी चालते: कुणीतरी कुरतडलेलं पान, वरून गुळगुळीत खालून खरखरीत पान, मुंग्यांची रांग कुठून निघाली आणि कुठं गेली, एकाच झाडाखाली राहणारे तीन प्राणी. एका सुतळीचं गोल रिंगण मातीवर टाका, हातभर रुंद, आणि त्यातलंच पाहायला सांगा.

जुनी_पाटी
माझी आवडती गोष्ट: जुना लोकरी मोजा चपलेवरून चढवून गायरानातून पन्नास पावलं चालायचं. आघाडा, कुसळ, सगळं चिकटून येतं. मग मोजा काढून कुठलं बी कशानं चिकटलं ते पाहायचं. आमच्याकडे मोजा ओल्या मातीत पुरला, आठेक दिवसांत त्यातून कोंब आले.

सह्याद्री_भटक्या
मोज्याचं करून बघतो सोसायटीत.

वऱ्हाडी_मास्तर
गाजरगवताच्या पट्ट्यातून मोजा नेऊ नका, अंगाले खाज सुटते. बाकी तलावकाठची ताई बरोबर हाय. यादी तिथल्या मातीतून निघाली पाहिजे.

नवी_बाई
आज घेतलं. दोन आया आणि एक आजोबा आले, पाळीवर कुणी एकटं गेलं नाही. आजोबांनी सात झाडांची नावं सांगितली, त्यातली चार मला ठाऊकच नव्हती, मुलांनी वहीत लिहून घेतली. काडेपेट्यांनी एकही फांदी मोडली नाही. आता नवीन अडचण. पहिलीतल्या एकाला, ज्याला अजून 'क' नीट लिहिता येत नाही, चिंचेखाली अंगठ्याएवढी राखाडी गोळी मिळाली. पेटीत मावेना म्हणून हातात धरून आणली. फोडल्यावर आत केस, बारीक हाडं आणि एक पिवळसर दात! तो विचारतोय हे काय आहे. मला सांगता आलं नाही. कुणाला माहीत आहे का?

पाखरू
घुबडाची उलटी आहे, लेंडी नाही. उंदीर गिळतं, पचत नाही ते गोळी करून तोंडावाटे टाकतं. अंगठ्याएवढी म्हणजे बहुतेक गव्हाणी घुबड. आता उघड्या हातानं नको, दोन काड्यांनी गरम पाण्यात सोडवा आणि नंतर त्या मुलाचे हात साबणानं धुवा. कवटी शाबूत निघाली तर उंदराचे समोरचे दात लांब आणि पिवळे दिसतील. आणि चिंचेवर ढोली आहे का ते वर पाहा, पण काठी घालू नका.

नवी_बाई
ढोली आहे! तो आत्ता सोमवारची वाट बघत पाटीवर घुबड काढतोय.