बिननावाच्या डिप्रेशनचा जमिनीवरचा मार्ग कुठे मिळेल? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

तासगाव भागात आमची द्राक्षबाग आहे. कोणती सिस्टीम (समुद्रावरून येणारं कमी दाबाचं क्षेत्र किंवा वादळ) कधी आली आणि आमच्याकडे किती पाऊस पडला, याची वही ठेवतो. नाव मिळालेल्या वादळांची माहिती ढिगाने मिळते. अडतं ते बिननावाच्यांपाशी, म्हणजे वादळाच्या दर्जाला न पोहोचलेल्या डिप्रेशनपाशी.

२०२० चंच घ्या. जूनमधल्या निसर्ग चक्रीवादळाचा सगळा मार्ग मिळतो. पण आमच्या भागाला झोडपलं ते ऑक्टोबरच्या डीप डिप्रेशनने (डिप्रेशनच्या वरची, पण वादळाच्या खालची पायरी). १३ ऑक्टोबरला ते काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलं, तेलंगणातून इकडे सरकलं, आणि १७ तारखेला अरबी समुद्रात परत डिप्रेशन झालं. मधल्या दिवसांत, म्हणजे नेमकं आमच्या बाजूला असताना, ते नुसतं ठळक कमी दाबाचं क्षेत्र उरलं होतं. वारा ताशी ३१ किलोमीटरच्या खाली गेला की डिप्रेशन हा दर्जा जातो आणि मार्गाचा तक्ता तिथेच तुटतो. पाऊस थोडाच तुटतो! फळछाटणी होऊन कोवळी फूट आलेली असते, पानं सुकायला उसंत मिळत नाही, आणि पानामागे डाऊनीची (केवडा रोगाची) पांढरी बुरशी दिसेपर्यंत रोग बागेत शिरलेला असतो.

तर त्या मधल्या दिवसांत केंद्र कुठे होतं, हे कुठे बघू? हवामान खात्याच्या ई-ॲटलासमध्ये १८९१ पासूनचे मार्ग आहेत, पण डिप्रेशन आणि त्यावरचेच.

दुसरं, अमेरिकन नौदलाचं वादळांवर लक्ष ठेवणारं केंद्र, जेटीडब्ल्यूसी, ९१बी, ९६ए असे क्रमांक देतं (बी म्हणजे बंगालचा उपसागर, ए म्हणजे अरबी समुद्र). ते वाऱ्याची सरासरी एका मिनिटाची धरतात, आपलं खातं तीन मिनिटांची, हे ठाऊक आहे. तरी त्यांच्याकडे आहे आणि आपल्या यादीत नाही, अशी सिस्टीम तुम्ही कशी नोंदवता? जाणकारांनी कृपया सांगावं.

उत्तर (सातारा): दादा, ९० ते ९९ हे क्रमांक फिरते असतात, तेच पुन्हा वापरले जातात. शिवाय तो आकडा म्हणजे फक्त 'लक्ष ठेवलंय' एवढंच. म्हणून क्रमांकाशेजारी तारीख लिहाच, आणि खात्याने दर्जा दिला नसेल तर वेगळ्या रकान्यात टाका. मधल्या दिवसांसाठी खात्याची रोजची अखिल भारतीय पत्रकं बघा, त्यात साध्या कमी दाबाचंही ठिकाण असतं. जुन्या वर्षांसाठी ईआरए५ (जुन्या हवामानाची संगणकाने पुन्हा मांडलेली नोंद) मधले ८५० हेक्टोपास्कलचे, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवरचे वारे काढा, भोवरा कुठे आहे ते दिसतं. फक्त तिथली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, साडेपाच तास मिळवा. नाहीतर रात्रीचा पाऊस आदल्या तारखेला जाऊन बसेल.