माओचं सोनं तारासोवाने घालवलं म्हणे!

चकली_भाजणीची:
'आवडते ऑलिंपिक क्षण' धाग्यावर काल एका महाशयांनी एका ओळीत निकाल लावला: "तातियाना तारासोवा ओव्हररेटेड. व्हँकुव्हरला माओ आसादाच्या गळ्यात रखमानिनोव्हचा धोंडा बांधला आणि सोनं घालवलं." (तारासोवा म्हणजे फिगर स्केटिंगची रशियन कोच, माओ तिची जपानी शिष्या, आणि धोंडा म्हणजे तिला दिलेलं रखमानिनोव्हचं जड संगीत.) तिथे उत्तर द्यायला बसले ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, २०१० ला माओने त्या एका स्पर्धेत तीन ट्रिपल अ‍ॅक्सल (साडेतीन गिरक्यांची उडी) मारले. सोनं जिंकणारी कोरियाची युना किम २२८.५६, माओ २०५.५०. तेवीस गुणांचा खड्डा संगीताने पडतो होय? युना त्या आठवड्यात ज्या फॉर्मात होती, त्यात समोर प्रत्यक्ष रंभा उतरली असती तरी रौप्यच घेऊन गेली असती.

आणि तारासोवाबाईंच्या शिष्यांचं ऑलिंपिक खातं बघा. रोदनिना-झाइत्सेव्ह १९७६ आणि १९८०, बेस्तेम्यानोव्हा-बुकिन १९८८, १९९८ ला नागानोला एकाच वेळी कुलिक आणि ग्रिशुक-प्लातोव्ह, २००२ ला यागुदिन. जोडी, आइस डान्स, पुरुष एकेरी, तिन्हीकडे सोनं! दुखापतीने स्वतःचं स्केटिंग संपलं आणि एकोणिसाव्या वर्षी कोच झालेली बाई आहे ही.

खडूस_काका:
तो महाशय मीच. रोदनिना आधीच्या कोचकडून, झुककडून, १९७२ चं सोनं घेऊनच आली होती. यागुदिन आधीच्या कोचकडे, मिशिनकडे, असतानाच १९९८ चा जगज्जेता. मळलेल्या कणकेच्या पोळ्या कुणीही लाटेल. आणि महिला एकेरीचं ऑलिंपिक सोनं? शून्य. जपानची आराकावा बाईंना सोडून गेली, मग २००६ ला जिंकली.

चकली_भाजणीची:
जिंकली कशावर? 'तुरांदोत' ऑपेराच्या संगीतावर! त्याच संगीतावर बाईंकडे असताना २००४ ला जगज्जेती झाली होती. आणि कणीक म्हणाल तर यागुदिनचा २००२ चा 'विंटर' प्रोग्रॅम परत बघा. टो पिकवर (पात्याच्या टोकाचे दात) तो सरळ रेषेत धावत सुटतो, तेव्हा अंगावर काटा येतो. मिशिनकडचा यागुदिन उड्या मारायचा. हा नाचतो.

मडगावचा_पाव:
'विंटर'च्या स्टेप्स कोरिओग्राफर मोरोझोव्हच्या. तेव्हा बाईंचा असिस्टंट होता. आमच्या गोव्याच्या अरेंजर सेबॅस्टियन डिसोझाचंही हेच. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतलं ते व्हायोलिनचं वादळ कागदावर उतरवलं त्याने, पोस्टरवर नाव कुणाचं?

खडूस_काका:
चाल कुणाची? शंकर-जयकिशनची. अरेंजर म्हणजे घर सजवणारा. घर मालकाचंच.

मडगावचा_पाव:
सजवणारा?? नोटेशन वाचता येतं का तुम्हाला? माझे मामा बांद्र्याला एका खोलीत सहाजण राहून रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. संगीतकार गुणगुणून चहाला जायचा, बाकी सगळं हे लोक. मामा गेले तेव्हा एका ओळीची बातमी नाही. घर सजवतात म्हणे!

खडूस_काका:
मामांबद्दल वाईट वाटलं. पण गुणगुणायलाही डोकं लागतं.

एडिसनची_आई:
बर्फावर या जरा. माझी मुलगी स्केटिंग करते. आठवड्यातून चार दिवस पहाटे पाचला रिंकवर, हातमोज्यात बोटं बधिर, थर्मासचा चहा दहा मिनिटांत पाणी. तिचा प्रोग्रॅम बसवला असिस्टंट मुलीने. कोचबाई कठड्याशी उभ्या. शेवटच्या दिवशी आल्या, दोन हात बदलले, एक वळण काढून टाकलं आणि कोरिओग्राफीचं पूर्ण बिल लावलं. मी चार दिवस धुमसत होते. पण काय सांगू, ते वळण काढल्यावरच प्रोग्रॅम श्वास घ्यायला लागला. कठड्याशी फरकोटात उभ्या राहणाऱ्या तारासोवाचं काम मला तेव्हा कळलं. (बिल अजून पटलेलं नाही.)

मडगावचा_पाव:
त्या असिस्टंट मुलीला किती मिळाले, विचारलंत?

एडिसनची_आई:
...नाही.

चकली_भाजणीची:
काका, रखमानिनोव्हच्या धोंड्याचं राहिलंच. सोची, २०१४. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये (पहिल्या फेरीत) माओ सोळावी, सगळं संपल्यात जमा. दुसऱ्या दिवशी पुन्हा रखमानिनोव्ह, दुसरा पियानो कॉन्चेर्तो, कोरिओग्राफी तारासोवाची. १४२.७१ गुण. शेवटच्या पोझमध्ये मान वर करून ती रडायला लागली, इकडे मीपण.

खडूस_काका:
सहावी आली. सहाव्याला पदक नसतं.
बरं, ती चार मिनिटं मान्य. घ्या. पण नागानोला कुलिकने घातलेला तो पिवळ्यावर काळे ठिपके असलेला जिराफछाप शर्ट, त्याचं श्रेय कोण घेतंय?

मडगावचा_पाव:
मोरोझोव्ह नाही हां! तो तेव्हा तिथे आइस डान्समध्ये स्वतःच स्पर्धक होता.