थंडीत गिटारची केस अर्धा तास का उघडली नाही?

वेंगुर्लेकर:
मंडळी, जानेवारीपासून एक प्रश्न डोक्यात आहे. मुलीकडे अमेरिकेत मिनेसोटाला गेलो होतो, बाहेर उणे वीस, आपल्याकडे पारा अठरावर आला तरी माझी कानटोपी निघते, तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल बघा. तिथे एका चर्चच्या तळघरात ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या गाण्यांचा, कार्यक्रम होता, माणसं तीसेक, माईक एकच. गिटार वाजवणारे आजोबा सत्तरी पार केलेले, एकटेच तीन तास बर्फातून गाडी हाकत आलेले. आले, केस कोपऱ्यात आडवी ठेवली आणि कॉफीचा मग दोन्ही हातांनी धरून बसून राहिले. आयोजक दोनदा घड्याळ दाखवून गेला तरी हे ढिम्म. अर्ध्या तासाने कुठे केसचे खटके उघडले. दमले होते म्हणून, की यात काही शास्त्र आहे? मी विचारायला लाजलो. आणि या वयात ऐन हिवाळ्यात कशाला फिरायचं?

लाकूडकाम_रत्नागिरी:
शास्त्र आहे काका. गारठलेली गिटार एकदम उबदार खोलीत उघडली की लाकूड आणि वरचं लॅकर, म्हणजे चकचकीत लेप, वेगवेगळ्या वेगाने फुगतं आणि लॅकरला धाग्यासारख्या बारीक चिरा जातात. बंद केसमध्ये ती हळूहळू उबेला येते. तिथे खरा वैरी मात्र कोरडी हवा, हीटर लावला की खोलीतली आर्द्रता पार खाली येते आणि गिटारला साधारण 45 ते 55 टक्के लागते. नाहीतर लाकूड आकसतं, वरची फळी खाली बसते, तारा फ्रेटला (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना) घासून झणझणतात, फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला लागतात. म्हणून ते लोक भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज घालून केसमध्ये ठेवतात. आपलं सगळं उलटं. जून लागला की फळी फुगते, तारा उचलल्या जातात आणि पोरं म्हणतात सर बोटं दुखतात, वर खारी हवा तारा गंजवते ते वेगळंच. गणपतीच्या आधी माझ्याकडे ब्रिज (तारा अडकवायची फळीवरची पट्टी) उचकटलेल्या गिटारींची रांग असते, एकीत पालीची अंडी निघाली होती 😂

कुडाळचो:
ह्या तर आमच्या धयकाल्यासारख्याच, म्हणजे दशावतारी नाटकासारख्याच झाला! तुळशीचं लग्न झालं की दशावताराच्या कंपन्या जत्रा करत फिरायला लागतात, आज या गावात उद्या त्या गावात, पालखी फिरून आली की खेळ सुरू तो पहाटेपर्यंत. दोन-अडीचला दव पडायला लागलं की मृदुंगाचं कातडं सैल पडतं, आवाज उतरतो, आणि पेटीचा सूर काय कोणासाठी खाली येत नाही, मग मृदुंगवाल्यालाच चढावं लागतं. आमचे काका प्रवेश संपला रे संपला की हातोडी घेऊन गठ्ठे (कातडं ताणणारे लाकडी ठोकळे) ठोकायचे, मग पुडी, म्हणजे कातड्याचं तोंड, शेकोटीसमोर धरायची, पण जास्त नाही हां, कातडं तडकतं. डाव्या पुडीची कणीकही गारठ्यात घट्ट होते, ती पाण्याचा हात लावून परत मळायची. बोटं बधिर झाली तर चहाचा ग्लास, तुमच्या आजोबांसारखंच.

रेकॉर्डवाला:
का फिरतात याचं उत्तर जुन्या ब्लूज गायकांत सापडतं. मिसिसिपी जॉन हर्टने 1928 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला जाऊन रेकॉर्डिंग केलं, ते चाललं नाही म्हणून गावी परतून शेतावर राबला. एका गाण्यात अ‍ॅव्हॅलॉन या आपल्या गावाचं नाव घेतलं होतं, त्यावरून 1963 मध्ये एका चाहत्याने त्याला शोधून काढलं. सत्तरीच्या उंबरठ्यावर तो परत फिरायला लागला आणि 1966 मध्ये गेलाच, म्हणजे तीनच वर्षं मिळाली. दुसरा जुना ब्लूज गायक सन हाउस सापडला तोही 1964 मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या बर्फाळ रोचेस्टरला, तेव्हा वाजवणं सोडून दिलं होतं, आधी रेल्वेत नोकरी केलेली. अशा माणसाला कोणी हाक मारली तर तो महिना बघत बसेल का? पैशाचा भाग आहेच, उगाच रोमँटिक करत नाही. एकट्याने अकूस्टिक, म्हणजे विजेशिवायची गिटार वाजवायची तर बॅंडचा खर्च नाही, एक माणूस एक गाडी, म्हणून तीस माणसांसाठीही जाणं परवडतं.

वेंगुर्लेकर:
सगळ्यांचे आभार. कुडाळचो, तुम्ही लिहिलंत आणि बाबा आठवले, तेही दशावतारात मृदुंग वाजवायचे. जत्रेहून सकाळी घरी यायचे तेव्हा आईने दिलेली गोधडी मृदुंगाला गुंडाळलेली असायची आणि स्वतः नुसत्या सदऱ्यावर, आई रोज भांडायची.
लाकूडकाम, तुमच्याकडे एक गिटार घेऊन येतोय, मुलीचीच आहे, दहा वर्षं कपाटावर पडून आहे. आधी आत बघून घ्या, आमच्याकडेही पाली आहेत.